अमरावतीचा आखाडा आणि बर्लिन शहर

युरोपातील एखादी राजधानी आठपंधरा दिवसांत पाहून घरी परतलेला प्रवासी जे वर्णन करतो, त्यात खोटे बहुधा नसते. राजवाडे त्याने पाहिलेले असतात, रुंद रस्त्यांवरून तो हिंडलेला असतो आणि तेथील शिस्तीने खरोखरच दिपलेला असतो. परंतु आपण पाहिले ते शहर होते, की शहराने पाहुण्यांसाठी घातलेला पोशाख होता, हा प्रश्न त्यास क्वचितच पडतो. आमच्या वऱ्हाडच्या इतिहासात ह्या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण आहे, आणि त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा उगम १९१४ सालचा. वैद्य बंधूंनी लावलेले हे रोपटे दोन दशकांत असे फोफावले, की १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले तेव्हा देशी व्यायामाची प्रात्यक्षिके दाखविण्यास मंडळाचे पथक तेथे गेले. बडनेरा, अकोला, भुसावळ हा लोहमार्ग मुंबईस पोहोचवी, आणि पुढे आगबोटीचा दीर्घ प्रवास. कापसाच्या बाजारपेठेतील तरुणांनी आपला हुतुतू आणि मल्लखांब युरोपच्या भर मध्यावर नेऊन दाखवावा, ही गोष्ट त्या पारतंत्र्याच्या काळात लहान नव्हती. कबड्डीस परदेशात पहिली ओळख मिळाली ती ह्याच प्रसंगी, असे आजही मानले जाते.

त्या ऑगस्टमधील बर्लिन पाहुण्याची दृष्टी खिळवून ठेवील असेच होते. चाळीस लाखांहून अधिक वस्तीचे ते नगर. सुमारे एक लाख प्रेक्षक सामावतील असे नवे दगडी क्रीडागार. एकोणपन्नास राष्ट्रांचे खेळाडू. अठराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या ब्रांडेनबुर्ग वेशीपासून उंटर डेन लिंडेन ह्या राजमार्गावर दुतर्फा निशाणे फडकत होती. ज्या लिंडन वृक्षांवरून ह्या मार्गास नाव पडले, त्यांतील जुने वृक्ष भुयारी रेल्वेच्या कामात तोडले गेले होते आणि त्यांच्या जागी कोवळी रोपे लावलेली होती. झाडांपेक्षा निशाणे उंच झाली होती, असे म्हटल्यास त्या वर्षीच्या बर्लिनचे यथार्थ वर्णन होईल.

आता पोशाखाच्या आतील देह पाहू. ज्यूंना मज्जाव करणाऱ्या पाट्या ह्या सामन्यांपुरत्या रस्त्यांवरून काढून ठेविल्या होत्या. १६ जुलै रोजी, म्हणजे उद्घाटनास पंधरवडा उरला असता, शहरातील शेकडो जिप्सी स्त्रीपुरुषांना मुलाबाळांसह पकडून मारझान येथील छावणीत डांबण्यात आले. शहराच्या उत्तरेस झाक्सेनहाउझेन येथे बंदिछावणी उभारण्याचे काम त्याच उन्हाळ्यात सुरू झाले होते. ग्रेटल बेर्गमान ह्या ज्यू तरुणीने उंच उडीत त्याच वर्षी जर्मन विक्रमाची बरोबरी केली होती. तरीही तिला संघातून वगळण्यात आले. पाहुण्यांना वाटाड्यांनी ह्यांपैकी काही दाखविण्याचा प्रश्नच नव्हता.

मग आमच्या तरुणांस दोष द्यावयाचा काय? मुळीच नाही. ते खेळ दाखविण्यास गेले होते, आणि परक्या भाषेच्या मुलखात थोड्या दिवसांच्या पाहुण्यास घरामागची अंगणे दिसत नाहीत. तथापि सर्वच झाकलेले होते असेही म्हणता येत नाही. ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे न्यूरेंबर्गचे कायदे १९३५ सालीच उघडपणे जाहीर झाले होते, आणि बर्लिनवर बहिष्कार घालावा की काय, ह्यावर अमेरिकेत मोठा वाद झाला होता. ज्याला जाणून घ्यावयाचे होते, त्याला वाट होती.

बर्लिनकडे दुसऱ्या रीतीने पाहणारी एक मराठी व्यक्ती ह्यापूर्वीच तेथे राहून गेली होती. इरावती कर्वे ह्या तेथील मानववंशशास्त्राच्या संस्थेत यूजेन फिशर ह्यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवणच त्याच्या श्रेष्ठ बुद्धीची साक्ष देते, अशा धाटणीचे गृहीतक त्यांच्यापुढे होते. त्यांनी कवट्या घेऊन मापे घेतली आणि मापांतून तसे काही निघत नाही, हे गुरूच्या मताविरुद्ध असूनही लिहिले. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली; तीन वर्षांनी हेच फिशर नव्या राजवटीत बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. कर्वे ह्यांनी बर्लिनची रोषणाई किती पाहिली हा प्रश्न गौण आहे. त्या नगराच्या विद्येत शिरू लागलेला रोग त्यांच्या मोजपट्टीने अचूक पकडला.

अमरावतीत ह्या सफरीची आठवण निघाली, की जर्मनीच्या सर्वाधिकाऱ्याकडून झालेल्या गौरवाची कथा अभिमानाने सांगितली जाते. आमचे म्हणणे एवढेच, की अभिमानाची जागा थोडी बदलावी. ज्याने पुढे लाखो निरपराध्यांचा संहार केला, त्याच्या शाबासकीने आमच्या आखाड्याची उंची वाढत नाही. आणि ती शाबासकी वजा केली तरी तसूभर कमीही होत नाही. मंडळाचे खरे भूषण म्हणजे तेथे दाखविलेली विद्या. १९९० साली बीजिंगच्या आशियाई सामन्यांत कबड्डीस पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले, तेव्हा चौपन्न वर्षांपूर्वी बर्लिनच्या मातीत पडलेल्या त्या पावलांचीच वाट पुढे गेली होती.

आज वऱ्हाडातील पुष्कळ कुटुंबांतील मुले परदेशी जातात, आणि वडील मंडळीही सुटीत चार राजधान्या पाहून येतात. त्यांनी अवश्य जावे, वेशी आणि वाडे डोळे भरून पाहावेत. मात्र एखादे नगर फारच स्वच्छ, फारच शिस्तीचे आणि निशाणांनी फारच नटलेले दिसले, तर क्षणभर थांबून एक प्रश्न मनाशी विचारावा : आपण येण्यापूर्वी येथून कोणाला हलविले असेल?