पश्चिम घाट बचाव पदयात्रा

पश्चिम घाट बचाव पदयात्रा ही पश्चिम घाटातील जुनी जंगले, नद्यांची उगमस्थाने आणि तेथील लोकजीवन यांच्या रक्षणासाठी नोव्हेंबर १९८७ ते फेब्रुवारी १९८८ या काळात काढण्यात आलेली सामूहिक पदयात्रा होती. पदयात्रींचा एक गट उत्तरेकडून महाराष्ट्रातील नवापूर येथून, तर दुसरा दक्षिणेकडून कन्याकुमारी येथून निघाला. दोन्ही गट गोव्यात फोंडा तालुक्यातील रामनाथी येथे एकत्र आले. पश्चिम घाटाचे राज्यवार तुकडे न पाडता संपूर्ण पर्वतरांगेचा एकत्रित विचार व्हावा, ही भूमिका या पदयात्रेने लोकांपुढे मांडली.

पार्श्वभूमी

पश्चिम घाट अथवा सह्याद्री ही पर्वतरांग तापी नदीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर पसरलेली असून ती गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ व तमिळनाडू या सहा राज्यांतून जाते. गोदावरी, कृष्णा व कावेरी या नद्यांचा उगम याच रांगेत होतो. स्वातंत्र्योत्तर काळात धरणे, खाणी, रस्ते, व्यापारी वृक्षतोड आणि एकाच जातीच्या झाडांची लागवड यांमुळे येथील नैसर्गिक वनांचे क्षेत्र घटत गेले.

या प्रक्रियेला स्थानिक पातळीवर विरोध होऊ लागला होता. केरळमधील सायलेंट व्हॅली येथील जलविद्युत प्रकल्प जनमताच्या रेट्यामुळे सोडून द्यावा लागला आणि १९८४ मध्ये ते क्षेत्र राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सप्टेंबर १९८३ मध्ये सळकणी गावाच्या परिसरात अप्पिको आंदोलन सुरू झाले. ‘अप्पिको’ या कन्नड शब्दाचा अर्थ ‘कवटाळा’ असा होतो. हिमालयातील चिपको आंदोलनापासून त्याने प्रेरणा घेतली होती. मात्र हे लढे आपापल्या खोऱ्यापुरते होते.

पदयात्रा हे लोकजागृतीचे साधन भारतात नवे नव्हते. विनोबा भावे यांची भूदान पदयात्रा १९५१ मध्ये सुरू झाली, तर सुंदरलाल बहुगुणा यांनी १९८१ ते १९८३ या काळात काश्मीर ते कोहिमा अशी पदयात्रा करून हिमालयातील वनांचा प्रश्न मांडला होता.

जुन्या जंगलाचे महत्त्व

दीर्घकाळ मोठी तोड न झालेल्या जंगलात निरनिराळ्या वयाची झाडे, त्यांचे एकावर एक थर, वेली, पडून कुजणारी खोडे आणि पालापाचोळ्याची जाड माती आढळते. ही माती पावसाचे पाणी जिरवते व झऱ्यांना पावसाळ्यानंतरही पाणी पुरवते. पश्चिम घाटात अशी वने सदाहरित अरण्ये, दक्षिणेकडील उंच डोंगरांवरील शोला वने आणि गावोगावी श्रद्धेने राखलेल्या देवरायांच्या रूपाने टिकून आहेत. ती तोडून साग, निलगिरी अथवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावल्यास डोंगर हिरवा दिसतो, परंतु मूळ जीवसृष्टी परत येत नाही. सिंहपुच्छ वानरासारखा प्राणी वर्षभर फळे देणाऱ्या विविध वृक्षांवर जगतो. एकाच जातीच्या लागवडीत त्याला आधार उरत नाही.

स्वरूप

पदयात्रेत अनेक स्वयंसेवी संस्था, अभ्यासक, विद्यार्थी व कार्यकर्ते सहभागी झाले. संयोजकांमध्ये पुण्याचे जगदीश गोडबोले आणि गोव्यातील पीसफुल सोसायटीचे कलानंद मणी यांचा समावेश होता. डोंगराळ भागातील गावांतून चालत जाणे, तेथील लोकांशी जंगल, पाणी, जमीन व उपजीविका यांविषयी बोलणे आणि परिसराची स्थिती प्रत्यक्ष पाहणे, असे यात्रेचे स्वरूप होते. रामनाथी येथे समारोपाच्या वेळी पश्चिम घाटाच्या प्रश्नांवर विचारविनिमय झाला.

परिणाम

पदयात्रेतून निर्माण झालेला संपर्क पुढेही टिकला. फेब्रुवारी २०१० मध्ये निलगिरीतील कोटागिरी येथे पश्चिम घाट बचाव चळवळीची बैठक झाली. तिला तत्कालीन केंद्रीय पर्यावरण राज्यमंत्री जयराम रमेश उपस्थित होते. त्यानंतर मार्च २०१० मध्ये केंद्र सरकारने माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गट नेमला. या गटाने २०११ मध्ये अहवाल सादर केला. संपूर्ण पश्चिम घाट परिसरदृष्ट्या संवेदनशील मानून त्याची तीन स्तरांत विभागणी करावी आणि अंतिम निर्णयापूर्वी ग्रामसभांचे मत घ्यावे, असे त्यात सुचवले होते.

या अहवालाला अनेक राज्यांतून विरोध झाला. शेतीवर निर्बंध येतील व विस्थापन होईल, अशी भीती विशेषतः केरळमधील डोंगराळ भागात व्यक्त झाली. पुढे के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने २०१३ मध्ये सुमारे ३७ टक्के क्षेत्रच संवेदनशील ठरवण्याची शिफारस केली. दरम्यान १ जुलै २०१२ रोजी पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही चार स्थळे त्यांत आहेत.

सद्यस्थिती

संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचना २०१४ पासून वारंवार काढण्यात आल्या. ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यात ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र प्रस्तावित असून त्यांपैकी १७,३४० चौरस किलोमीटर महाराष्ट्रात व १,४६१ चौरस किलोमीटर गोव्यात आहे. हा मसुदा निघण्याच्या आदल्याच दिवशी केरळमधील वायनाड जिल्ह्यात भीषण भूस्खलन होऊन शेकडो लोक मृत्युमुखी पडले होते. त्याच्या बरोबर दहा वर्षे आधी, ३० जुलै २०१४ रोजी, पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले होते. या दुर्घटनांमुळे डोंगरउतारांवरील भूमिवापराची चर्चा पुन्हा ऐरणीवर आली. संरक्षणाची सीमा कोठे आखावी आणि ती आखताना डोंगरात राहणाऱ्या लोकांचे म्हणणे किती ऐकावे, हे पदयात्रेने गावोगावी चर्चेला आणलेल्या विषयांशी जोडलेले प्रश्न आजही वादाचे आहेत.