स्कॉलरशिपचा पेपर आणि आमचे बाप

कोल्हापूर जिल्ह्यात पोरगं चौथीला गेलं की घरातली बोलीच बदलायची. औंदा स्कॉलरशिप हाय. म्हणजे जत्रा बंद, मामाच्या गावाला जाणं बंद, सकाळी सातला ज्यादा तास, संध्याकाळी पुन्हा ज्यादा तास. भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता. १९५४-५५ सालापासून ही परीक्षा चालू आहे आणि तिच्या यादीत भुदरगड, कागल, राधानगरी इकडच्या पोरांची नावं वर असणं हा जिल्ह्याचा अभिमान आहे. पूर्वी गुरुजींचा फेटा बांधून सत्कार व्हायचा, आता चौकात डिजिटल बोर्ड लागतो. पोराचा फोटो, आईबापाचा फोटो, वर नेत्याचा फोटो.

या परीक्षेवर पुष्कळ लिहून झालंय. शाळांचं कौतुक झालंय, गुरुजींचं झालंय. पोराला तिथं बसवणाऱ्या बापाच्या मनात काय होतं हे मात्र कुणी लिहिलेलं नाही. त्यातही गावकुसाबाहेरच्या बापाच्या मनात. त्याचा इतिहास लिहायला कागदपत्र सापडत नाहीत, कारण त्यानं कागद केलाच नाही. अंगठा केला.

जरा मागं जाऊ. शाहू महाराजांनी १९०८ साली अस्पृश्य पोरांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग काढलं. १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. एक रुपया! त्या काळात हा दंड भरायचा म्हणजे घरात चूल पेटायची नाही. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद केल्या आणि हुकूम काढला की सगळी पोरं एकाच शाळेत बसतील. हुकूम निघाला, पोरं आत गेली. पण वर्गात गेल्यावर पोराला येतं की येत नाही हे ठरवणार कोण? मास्तर. पाटी लांबून बघणारा, छडी फेकून मारणारा, शिवायचं नाही म्हणून जवळ न येणारा मास्तर. "ह्या पोराच्या डोक्यात काय शिरत न्हाई" असं त्यानं म्हटलं की तोच निकाल. त्याच्यावर अपील नाही. आमच्या दोन-तीन पिढ्यांची बुद्धिमत्ता चाचणी अशी एका माणसाच्या तोंडात होती.

म्हणून पुढं जेव्हा पुण्याहून छापील पेपर यायला लागला, पोराला नंबर मिळायला लागला आणि तपासणाऱ्याला पोराचं आडनाव दिसेनासं झालं, तेव्हा आमच्या बापाला त्या कागदाचं जे वाटलं ते पांढरपेशा पालकाला वाटणं शक्यच नाही. त्याला पोरगं हुशार आहे हे आधीच ठाऊक असतं. त्याला फक्त पहिला नंबर पाहिजे असतो. आमच्या बापाला साक्षीदार पाहिजे होता.

माझंच सांगतो. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. आबा गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं घालायचे. हंगामात रात्रभर तिथंच. शाळेत स्कॉलरशिपला बसवायची पोरं गुरुजींनी निवडली, दहा-बारा. त्यात म्हारवाड्यातलं एकही नव्हतं. शाळेचं नाव सांगत नाही, कारण तशा शाळा ढिगानं होत्या. आबा काजळी अंगावर घेऊनच शाळेच्या पायरीशी आले.

"गुरुजी, माझ्या पोराला बी बसवा की."

"अरे बाबा, झेपायचं नाही त्याला. उगाच शाळेचा निकाल खाली येतो."

"नापास झालं तर झालं. पर कागदावर होऊ द्या."

हे वाक्य मी पन्नास वर्षं घोळवतोय. तिसरी न शिकलेल्या माणसानं परीक्षेचं जे मर्म सांगितलं ते. गुरुजींनी नाव लिहिलं. खरी चाळणी पेपरच्या आधीच लागलेली असते, कुणाला बसवायचं तिथंच, हे मला फार उशिरा कळलं. आबांना त्या पायरीवरच कळलं होतं.

आता दुसरी बाजू, आणि ती बघितल्याशिवाय हा विषय सोडता येत नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं त्यात शिष्यवृत्त्यांबद्दल मोजक्या ओळी आहेत. त्यांचं म्हणणं असं: शिष्यवृत्त्यांची चालू पद्धत ज्यांना शिक्षणाची गोडी आधीच लागलेली आहे त्यांनाच फायद्याची आहे. ज्या जातींत शिक्षण पोचलेलंच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखाव्यात. चढाओढ लावून शिष्यवृत्ती देणं वरकरणी न्यायाचं दिसतं, पण त्यानं इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. बुद्धिमत्ता चाचणी नावाची चीज जगात जन्मायच्या तेवीस वर्षं आधी हे सांगून झालं होतं.

ती जन्मली पॅरिसमध्ये, १९०५ साली. आल्फ्रेड बिनेला शोधायची होती मागं पडणारी पोरं, त्यांना जास्त मदत देता यावी म्हणून. अमेरिकेत गेल्यावर त्या कसोटीचं दुसरंच झालं. १९१७ साली, म्हणजे इकडं शाहू महाराज सक्तीचं शिक्षण आणत होते त्याच साली, तिकडं सैन्यातल्या लाखो शिपायांना या कसोट्या लावल्या. त्या आकड्यांवरून कार्ल ब्रिगहॅम नावाच्या प्राध्यापकानं १९२३ साली पुस्तक लिहून गोऱ्यांतले कुठले वरचे, कुठले खालचे आणि काळे सगळ्यांच्या खाली अशी उतरंड रचली. १९३० साली त्यानंच आपले निष्कर्ष मागं घेतले. पण उतरंड एकदा रचली की ती लवकर मोडत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्याकडं व्ही. व्ही. कामतांनी बिनेच्या कसोट्या मराठी आणि कानडी पोरांसाठी बसवल्या, त्यांचं पुस्तक १९४० साली आलं. पुण्यात १९६२ साली ज्ञानप्रबोधिनी निघाली आणि १९६९ साली बुद्धिमान मुलांसाठी तिची प्रशाला. आमच्यापर्यंत या सगळ्याचा जो तुकडा आला तो म्हणजे स्कॉलरशिपचा बुद्धिमत्तेचा पेपर. विसंगत शब्द ओळखा. आरशातली प्रतिमा ओळखा. मालिका पूर्ण करा. सांकेतिक भाषा. आमची आई मुकादमानं दिलेली उचल, तिच्यातनं कापलेले खाडे आणि दुकानदाराची उधारी तोंडानं चुकतं करायची. पण तिची मालिका कुठल्या पेपरात विचारली नाही.

काळ्या आईबापांचं बघा. १९७१ साली सॅनफ्रान्सिस्कोत काही काळ्या पोरांचे आईबाप कोर्टात गेले. त्यांच्या पोरांना बुद्ध्यांकाची चाचणी लावून मंदबुद्धीच्या वर्गात टाकलं होतं. १९७९ साली न्यायमूर्ती पेकहॅमनी निकाल दिला: काळ्या पोरांना अशा वर्गात टाकायला ही चाचणी वापरायची नाही, ती पक्षपाती आहे. आपण टाळ्या वाजवाव्यात असा निकाल. पुढं १९८६ साली ही बंदी आणखी वाढवली. आणि मग दुसरे काळे आईबाप कोर्टात गेले! आमच्या पोरांना चाचणी द्यायचीय, काळी म्हणून तुम्ही त्यांना अडवणारे कोण, असं म्हणून. १९९४ साली अपिलातही त्यांच्या बाजूनं निकाल लागला. यातले कुठले आईबाप चूक? मला सांगता येत नाही. पायरीवरचा आबा मला दुसऱ्यांत दिसतो आणि फुले पहिल्यांत दिसतात.

कोल्हापुरात चण्यांची गोष्ट कुणालाही विचारा, सांगेल. सांगलीचे अभ्यंकर वकील महाराजांना म्हणाले की जातीवर सवलती देऊ नका, लायकीवर द्या. महाराजांनी त्यांना पागेत नेलं, सगळ्या घोड्यांची चंदी एका जाजमावर टाकायला लावली. दांडगी घोडी तुटून पडली, शिंगरं आणि लंगडी-लुळी लांबच उभी राहिली. शाहू जयंतीला २६ जूनला ही गोष्ट भाषणात सांगणारे पुढारी मी बघितलेत, आणि त्याच पुढाऱ्यांची नातवंडं २७ तारखेला स्कॉलरशिपच्या क्लासला जाताना पण बघितलीत. गोष्ट खरीच आहे. पण आबांना ती फारशी आवडायची नाही. ते म्हणायचे, "आमी काय लंगडी घोडी व्हय? पेपर सारखा द्या आन् रातचा दिवा द्या. मग बघू."

दिवा हा त्यातला कळीचा मुद्दा. गुरुजींचे ज्यादा तास सगळ्यांना सारखे असतात, पण रात्री घरी कोण शिकवणार? गाईड कोण आणणार? सराव प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा कुठल्या घरात येतो आणि कुठल्या नाही? म्हणून गावात त्याच त्या आळीत स्कॉलर निपजतात आणि लोक म्हणतात, बघा, रक्तातच असतं.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण. कुठल्याही गुणवत्ता यादीत हे गुण बसत नाहीत. आजच्या क्लासवाल्यानं त्या पोराला दारातूनच परत लावलं असतं. केळुसकर गुरुजी त्यांना सयाजीराव महाराजांकडं घेऊन गेले, महाराजांनी काही प्रश्न विचारले आणि महिन्याला पंचवीस रुपये दिले. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. त्याच माणसानं व्हाइसरॉयच्या मंडळात असताना सरकारला अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या द्यायला लावल्या, त्या १९४४ साली सुरू झाल्या. त्या खास त्याच जातींच्या पोरांसाठी होत्या. फुल्यांनी मागितलेलं बासष्ट वर्षांनी मिळालं ते असं.

त्यामुळं मराठीत शिष्यवृत्ती हा एकच शब्द असला तरी गावात तिच्या दोन जाती झाल्या. चौथीला मिळते ती 'स्कॉलरशिप', तिला फेटा आणि बोर्ड. कॉलेजात आम्हाला मिळते ती 'सवलत', तिला टोमणा. सरकारचे जावई! पैसे दोन्हीकडं सरकारचेच. आमच्यातल्या पालकांनाही हा फरक आतून लागलेला आहे. पोराला चौथीची मिळाली तर पेढे वाटतात, दुसरीच्या अर्जाला पोरगं एकटंच रांगेत उभं राहतं.

गुणवंत पोरांसाठी सरकारनं पुढं निवासी शाळा काढल्या. साठीच्या दशकात शासकीय विद्यानिकेतनं आली, आमच्या भागातली पोरं सातारा जिल्ह्यात पुसेगावला जायची, चौथीच्या स्कॉलरशिपच्या गुणांवर. १९८६ च्या धोरणानं नवोदय आणली, आमच्याकडची कागलला. नवोदयमध्ये चाचणी आहे, पण पाऊणपट जागा खेड्यातल्या पोरांना, अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा, तिसरा हिस्सा पोरींना. म्हणजे फुले आणि पेपर एकाच अर्जावर आले. मला तरी यापेक्षा बरी तडजोड दिसत नाही. अर्थात आता नवोदयचेही क्लास निघालेत, हजारांत फी घेणारे. रातचा दिवा पुन्हा विकायलाच.

माझं काय झालं? थोडक्यात हुकली. आबांनी निकाल दोनदा वाचून घेतला. "किती कमी पडले?" एवढंच विचारलं आणि गुऱ्हाळावर गेले. दुसऱ्या दिवशी पायरीवर जाऊन गुरुजींना म्हणाले, "गुरुजी, तुमी म्हणत हुता तेवढं काय वाईट न्हाई." गुरुजी हसले. पुढच्या वर्षी आमच्या वाड्यातली तीन पोरं बसवली.

शिक्षणहक्क कायद्यानं प्राथमिक म्हणजे पाचवीपर्यंत असं धरलं, म्हणून २०१६-१७ पासून परीक्षा पाचवी-आठवीला गेली. पण जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळा चौथीलाच संपतात. खेड्यातले गुरुजी आणि पोरं दोघंही त्यातून सुटले. २०२५ साली सरकारनं ती पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरवलं. रक्कमही २०२३-२४ मध्ये वाढवली होती, धाकट्यांना वर्षाला ५,००० आणि मोठ्यांना ७,५००.

नात यंदा चौथीला आहे. अर्जाची माहिती भरून द्यायची होती. मागासवर्गीयांना फी कमी असते, त्यासाठी प्रवर्गाचा रकाना असतो. सून पेन हातात घेऊन बसली होती. म्हणाली, "मामा, आपण फी पुरती भरली तर हा रकाना मोकळा सोडता येतोय का?" मी म्हटलं, शाळेच्या रजिस्टरला आहेच की ते. "रजिस्टरला असू दे," ती म्हणाली, "पेपरवर नंबरच असतोय न्हवं?" मग तिनं रकाना भरला, कमी फी मोजून दिली आणि पोरीला सहाचा गजर लावला.