बंद कारखान्यातील उबवण

नव्या यंत्रविद्येच्या धंद्यांना विद्यापीठाने आपल्या आवारात जागा द्यावयाची आणि ते पायावर उभे राहीपर्यंत त्यांना सांभाळावयाचे, या व्यवस्थेस इन्क्युबेटर म्हणतात. शब्द कोंबड्यांच्या धंद्यातला. तो विद्यापीठात कसा शिरला ही हकीकत आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना घरचीच वाटते, कारण तिचा आरंभ एका बंद पडलेल्या कारखान्यात झाला.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बटेव्हिया नावाचे लहान शहर आहे. तेथला शेतीची यंत्रे करणारा मॅसी कंपनीचा कारखाना १९५० नंतरच्या दशकाअखेर बंद झाला आणि दर पाच कामकऱ्यांत सुमारे एक बेकार झाला. १९५९ साली गावातल्याच मँकुसो कुटुंबाने ती सुमारे साडेआठ लक्ष चौरस फुटांची वास्तू विकत घेतली. सबंध जागा घेणारा कारखानदार मिळेना. तेव्हा जोसेफ मँकुसो यांनी तिचे भाग पाडून लहान धंद्यांना भाड्याने दिले. कारकुनी मदत सामाईक ठेविली, भांडवल उभारण्यास सल्ला दिला. पहिल्या भाडेकऱ्यांत कोंबडीची पिले उबविणारा एक धंदा होता. त्यावरून मँकुसो थट्टेने साऱ्या वास्तूलाच इन्क्युबेटर म्हणू लागले, आणि थट्टेचे नाव कायम झाले.

येथे गिरणगावची आठवण होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे एकामागून एक गिरण्या बंद झाल्या, पण रिकामी खाती लहान धंद्यांना देऊन गेलेले काम परत आणावे, असे मालकांस सुचले नाही. जमिनीचा भाव त्यांना ठाऊक होता.

विद्यापीठाचा भाग त्याच राज्यातल्या ट्रॉय शहरी येतो. हे शहर लोखंडाचे आणि शर्टांच्या सुट्या कॉलरांचे. कॉलरी धुऊन, खळ देऊन, कडक इस्त्री करणाऱ्या सुमारे ३०० स्त्रियांनी केट मुलानी हिच्या पुढारीपणाखाली १८६४ साली संप केला आणि पगारवाढ मिळविली. विसाव्या शतकात हे दोन्ही उद्योग ओसरले. उरली ती रेन्सेलिअर ही जुनी तांत्रिक संस्था. चंद्रयानाच्या अपोलो योजनेत अंतराळयानाची जबाबदारी सांभाळलेले जॉर्ज लो तिचे अध्यक्ष असताना १९८० साली तिने आपल्या आवारात इन्क्युबेटर उघडला. बटेव्हियाने दिले ते येथेही होतेच. शिवाय प्रयोगशाळा, प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांचे हात मिळाले. नव्या धंद्याचा जीव पहिल्या दोन-तीन वर्षांत भाडे, उपकरणे आणि अननुभव यांपायी जातो. ते ओझे संस्था काही काळ उचलते, एवढेच यातले मर्म. १९८६ साली तेथल्या चार विद्यार्थ्यांनी संगणकावर नकाशे वापरण्याची मॅपइन्फो कंपनी काढली. ती मोठी झाली, १९९४ साली शेअर बाजारात आली आणि २००७ साली पिटनी बोज या कंपनीने ती विकत घेतली.

आपल्याकडे पवईच्या आयआयटीने २००४ साली ‘साइन’ हे केंद्र काढले. आयडियाफोर्ज ही ड्रोन बनविणारी कंपनी तेथेच वाढली आणि २०२३ साली शेअर बाजारात आली. अशा केंद्रांत सोयीच्या मोबदल्यात संस्था बहुधा कंपनीच्या भागभांडवलाचा लहानसा वाटा घेते. यात आम्हास गैर दिसत नाही. उलट, सरकारी पैशाने उभी राहिलेली प्रयोगशाळा फुकट का द्यावी? २०१३ च्या कंपनी कायद्याने तर मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांतील अशा केंद्रांना दिलेली देणगीही कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात धरली.

म्हणजे जो पैसा कामगारवस्तीतल्या शाळेकडे जाऊ शकतो, तोच येथेही येऊ शकतो. मग कंपनीचे मोल किती कोटी झाले, एवढ्या उत्तराने आमचे समाधान कसे व्हावे? माणसे किती लागली, त्यांतली कायम किती आणि कंत्राटी किती, प्रॉव्हिडंट फंड कापला जातो की नाही, हे आम्ही विचारणारच. बटेव्हियात १९५९ साली गाव मोजत होते ते गेलेले आणि परत आलेले रोजगारच. कंपनीच्या किमतीचा प्रश्न तेथे कोणास पडला नव्हता.