लिव्हर, गॅडोलिनियम आणि घड्याळ

मध्यंतरी एका मित्राने वडिलांच्या लिव्हरचा एमआरआय रिपोर्ट वाचायला दिला. (कॉम्प्युटरवाल्यांना सगळं कळतं अशी त्याची ठाम समजूत आहे!) एकाच गाठीबद्दल त्यात लिहिलं होतं की ती आधी उजळ दिसते आणि नंतर काळपट. मग शनिवार-रविवार त्याच्यामागे गेला.

तर मंडळी, लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं. साधारण पाऊण हिस्सा आतड्यांकडून पोर्टल व्हेनने आणि पाव हिस्सा हिपॅटिक आर्टरीने. १९५४ साली ब्रीडिस आणि यंग या दोघांनी दाखवलं की लिव्हरमधल्या ट्यूमरना मात्र जवळजवळ सगळं रक्त आर्टरीतूनच मिळतं. म्हणजे हाताच्या शिरेत औषध सोडलं की ते आधी गाठीत पोचणार, बाकी लिव्हर अर्ध्याएक मिनिटाने भरणार. ओळखायची युक्ती इथेच सापडली होती, पण पॉल लाउटरबरची पहिली एमआर चित्रंसुद्धा १९७३ची.

औषध आलं बर्लिनच्या शेरिंग कंपनीतून. गॅडोलिनियममुळे आसपासच्या पाण्याचा सिग्नल वाढतो, पण सुटा धातू विषारी. म्हणून त्याला डीटीपीए नावाच्या रेणूच्या पिंजऱ्यात कोंडलं. १९८३ साली ते माणसाला दिलं गेलं, १९८८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

पण माझ्या मते खरा हीरो वेगळाच आहे. तेव्हा एका एमआरआय चित्राला काही मिनिटं लागत आणि श्वासाबरोबर लिव्हर हलतं ते वेगळंच. १९८५च्या सुमारास जर्मनीतल्या गटिंगनला हासे आणि फ्राम यांनी फ्लॅश नावाची पद्धत काढली आणि मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. आता श्वास रोखून ३५व्या सेकंदाला एक, ७०व्याला दुसरं, तीनेक मिनिटांनी तिसरं असे फोटो घेता येऊ लागले. आपल्या भाषेत, लॉगला टाइमस्टॅम्प मिळाले.

आणि त्यातून एक धाडसी नियम निघाला. सिऱ्होसिसच्या पेशंटची गाठ आर्टरीच्या वेळी उजळली आणि नंतर बाकी लिव्हरपेक्षा काळी पडली (यालाच वॉशआउट म्हणतात), तर सुई न टोचताही लिव्हरचा कॅन्सर म्हणता येतं. २००५च्या अमेरिकन गाइडलाइनमध्ये हे आलं. इतर कुठल्याही कॅन्सरमध्ये इतका भरवसा चित्रावर क्वचितच ठेवतात. पण यकृत निरोगी असेल तर हा नियम लावायचा नाही! तिथे तसंच दिसणारं दुसरंच काही असू शकतं.

पुढे गॅडोक्सेटेट आलं. हे औषध लिव्हरच्या पेशी स्वतःच शोषून घेतात, त्यामुळे वीस मिनिटांनी चांगलं लिव्हर उजळ आणि गाठ बहुधा काळी दिसते. फायदा मोठा, पण एक खोच आहे. लिव्हर लवकरच उजळायला लागल्याने गाठ उगाचच काळी भासते, म्हणून वॉशआउट फक्त पोर्टल फेजमध्येच बघायचा.

पिंजरा पूर्ण सुरक्षित नाही हे २००६ साली कळलं. किडनी निकामी झालेल्यांची त्वचा कडक होण्याच्या आजाराशी गॅडोलिनियमचा संबंध सापडला. पुढे मेंदूतही अंश दिसले. २०१७ साली युरोपने मोकळ्या साखळीच्या पिंजऱ्यातली औषधं शिरेतून देणं थांबवलं. त्यातून दोन वाचली, गॅडोक्सेटेट आणि गॅडोबेनेट, आणि तीही फक्त लिव्हरच्या स्कॅनसाठी.