गिरणीचा पगार आणि घरातली भाकरी

सोलापूरचा इतिहास लिहिताना आपण गिरण्यांपासून सुरुवात करतो, १९३० च्या मार्शल लॉकडे येतो आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेलेल्या चार हुतात्म्यांपाशी थांबतो. त्या चौघांत कुर्बान हुसेन होते, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. १९९० साली याच शहरात पहिले अखिल भारतीय मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या लेखकांनी दंगली, तलाक, शिक्षण, अस्मिता अशा अनेक प्रश्नांवर लिहिले. मात्र गिरणीत, मागावर किंवा विडीच्या सुपापुढे बसून मिळवलेल्या चार पैशांत आठ-दहा माणसांचे पोट कसे भरले जात होते, या प्रश्नाकडे आपले फारसे लक्ष गेले नाही. तो बायकांचा विषय समजला गेला. आम्हाला वाटते, या शहराच्या इतिहासाचा एक मोठा भाग तिथेच पडून आहे.

या इतिहासाची सुरुवात दुष्काळात होते. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याला भयंकर गेला. १८७२ आणि १८८१ या दोन जनगणनांच्या दरम्यान जिल्ह्याची लोकसंख्या लाखाहून अधिकने घटली. दुष्काळी कामावरच्या मजुराला जगण्यापुरते किती धान्य लागते, याचा सरकारी हिशेब त्याच वेळी मांडला गेला. रिचर्ड टेंपल यांनी ठरवलेल्या मजुरीत पुरुषाला दिवसाकाठी एक पौंड धान्य आणि वर एक आणा मिळे. पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्याला एवढ्या धान्यावर उभे राहता येत नाही, हे सांगायला वैद्यकी शिकावी लागत नाही. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी या मजुरीवर काम करायला नकार दिला आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. विणकरांची अडचण तर वेगळीच होती. खडी फोडून बोटे जाड आणि खरबरीत झाली की तुटलेला धागा सांधणे जमत नाही. दुष्काळ संपतो, पण विणकराचा हात गेलेला असतो.

याच दुष्काळाच्या दिवसांत, १८७७ साली, सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली. सोलापूरकर तिला जुनी मिल म्हणतात. पुढे लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू या गिरण्या आल्या. तेलंगणातून पद्मशाली आले, आसपासच्या खेड्यांतून लिंगायत, मराठा, दलित, मुसलमान आले. खेड्यातून आलेल्या माणसाच्या स्वयंपाकघरात एक मोठा बदल घडला आणि तो पदार्थांचा नव्हता, तो खरेदीचा होता. आमच्या मते सगळ्या गोष्टीची किल्ली इथे आहे.

सोलापूर हा रब्बी ज्वारीचा मुलूख. मंगळवेढ्याला आजही ज्वारीचे कोठार म्हणतात. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बहमनी सुलतानाची कोठारे लोकांसाठी उघडली, ही आख्यायिका हिंदू-मुसलमान दोघेही सांगतात. १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून जे ३५-१ वाण काढले गेले, त्याचीच भाकरी आजही चवीला श्रेष्ठ मानली जाते. खेड्यात माघ-फाल्गुनात सुगी झाली की वर्षाची ज्वारी घरात येई. ती पेवात किंवा कणगीत जाई, कडुनिंबाचा पाला घालून ठेवली जाई. धान्य स्वस्त असते तेव्हा घ्यायचे आणि महाग असते तेव्हा खायचे, ही गरिबाची एकमेव बचत होती. गिरणीत पगार महिन्याने मिळू लागला आणि ही बचत गेली. एकरकमी दोन पोती घेण्याइतके पैसे हातात कधीच येत नव्हते. मग वाण्याकडे वही आली. चार शेर ज्वारी, पाव शेर डाळ, छटाकभर तेल, आणि पगाराच्या दिवशी हिशेब. थोडे थोडे घेणाऱ्याला जास्त भाव पडतो, उधार घेणाऱ्याला त्याहून जास्त. तीच ज्वारी खाणाऱ्या शेतकऱ्यापेक्षा ती गिरणी कामगाराला महाग पडत होती, आणि सर्वांत महाग होती ती ज्याचे काम रोजच्या रोजावर चालते त्या हातमाग विणकराला.

सरकारने या वह्यांत डोकावून पाहिले ते विसाव्या शतकात. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१ मध्ये मुंबईच्या कामगारांच्या कौटुंबिक जमाखर्चाची पाहणी केली. तिचा अहवाल १९२३ साली फिंडले शिरास यांच्या नावाने निघाला. त्यातला एक निष्कर्ष पुढे अनेकांनी उद्धृत केला. मुंबईचा कामगार जेवढे धान्य खातो ते दुष्काळ संहितेत दिलेल्या कमाल प्रमाणाएवढे आहे, पण तुरुंगातल्या कैद्याला नियमाप्रमाणे मिळणाऱ्या धान्यापेक्षा कमी आहे, असा तो निष्कर्ष. एका सरकारी खात्याने दुसऱ्या सरकारी खात्याचे नियम समोर ठेवून हे लिहावे, याहून बोलके काय असणार? त्यानंतर १९२५ मध्ये तशीच पाहणी सोलापूरच्या कापड गिरणी कामगारांची झाली. तिच्या आधारे १९२७-२८ हे वर्ष पाया धरून सोलापूरचा स्वतंत्र राहणीमान खर्चाचा निर्देशांक निघू लागला आणि महागाई भत्त्याच्या वादात तो वर्षानुवर्षे पुढे केला गेला. पुढे धनंजयराव गाडगीळ यांनी केलेला सोलापूर शहराचा आर्थिक-सामाजिक अभ्यासही १९६५ साली ग्रंथरूपाने आला.

या पाहण्यांचा उपयोग आम्ही नाकारत नाही. त्यांच्यामुळे कामगाराच्या पगाराचा निम्म्याच्या आसपासचा भाग पोटावर जातो, हे कागदावर आले. पण त्यांची एक पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. कुटुंबात खाणारी तोंडे किती, हे मोजताना प्रौढ पुरुष म्हणजे एक, आणि प्रौढ बाई म्हणजे ०.८३, असे धरण्याची त्या काळी रीत होती. जात्यावर दळण काढणारी, पाणी भरणारी, गोवऱ्या थापणारी, वर कांड्या भरणारी बाई ०.८३. बाजारातून काय आले आणि त्याला किती आणे पडले, याची नोंद झाली. त्याचे अन्न कोणी, किती तास खपून केले, याचा रकाना कुठेच नव्हता. आणि गरीब घरातले सकस जेवण तर सगळे त्या तासांवर उभे होते.

ते कसे, हे एकाच जोडीवरून पाहू. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ही सोलापूरची ओळख आज पाकिटातून देशभर जाते. ही जोडी फार प्राचीन नाही. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, मिरचीही तिकडचीच. पण ती जुळली कशी नेमकी! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतले डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास दाखवून दिले की जवळजवळ केवळ ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या गरिबांना पेलाग्रा होतो. कातडी काळी पडून सोलते, जुलाब लागतात, डोके भ्रमते. ज्वारीतल्या ल्यूसिन या घटकाकडे त्यांनी बोट दाखवले. त्यावर पुढे वादही झाले. परंतु हा रोग नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाचा, याबद्दल वाद नाही. आणि शेंगदाणा हा नायसिनचा उत्तम साठा आहे. भाकरीवर चमचाभर चटणी ठेवणाऱ्या बाईला नायसिन ठाऊक नव्हते. कोरडी भाकरी घशाखाली उतरावी आणि कालवण नसले तरी पोरांनी दोन घास जास्त खावेत, एवढेच तिला पाहायचे होते. पण ज्या घरात ती चटणीही परवडत नव्हती, त्या घरावर रोगाची छाया होती. म्हणून ज्वारीचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही सांगितले पाहिजे की नुसती ज्वारी पुरत नाही.

आपल्या मुसलमान घरांत या हिशेबाचे आणखी काही धडे होते. विजापूर वेस, बेगम पेठेच्या गल्ल्यांत दालचा शिजतो तो केवळ चवीसाठी नाही. पावशेर गोश्त नुसते केले तर चार माणसांना पुरत नाही. तेच हरभऱ्याची डाळ, दुधी आणि चिंचेच्या कोळात घातले की दहा माणसांच्या ताटात गोश्ताचा वास आणि डाळीचे बळ दोन्ही येते. अंबाडीची भाजी, खट्टी दाल, मोहरमचा खिचडा यांतही हाच विचार आहे. धान्य आणि डाळ एकत्र आली की दोन्हींतली प्रथिनांची उणीव परस्परांनी भरून निघते, हे आता आहारशास्त्र सांगते. शिवाय पाये, कलेजी, वजडी. जे श्रीमंत टाकून देतो ते गरिबाने तासन्‌तास शिजवून खाल्ले. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांच्या अशाच अन्नाची नोंद केली आहे. ते वाचताना आम्हाला अनेक पाने आपल्याच गल्लीतली वाटली. ज्या वर्षी ते पुस्तक आले, त्याच वर्षी महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी घालणारा कायदा लागू झाला. त्यावर अस्मितेच्या अंगाने पुष्कळ चर्चा झाली. पण गरीब मुसलमान, दलित आणि ख्रिस्ती घरांतून स्वस्तातले एक प्रथिन काढून घेतले गेले, त्याजागी काय येणार, हा साधा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

अन्नाची घडी मोडली ती मात्र त्याआधीच, १९७२ च्या दुष्काळापासून. ज्वारीच्या मुलखात ज्वारी उरली नाही. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो आली. जनावरांना घालायचे धान्य, असे म्हणत लोकांनी तिच्या भाकरी थापल्या. त्या थापल्या जात नव्हत्या, तव्यावर तुटत होत्या. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. याच अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला, हे महाराष्ट्राचे मोठेपणच. पण रेशनच्या दुकानात पुढे जे स्थिरावले ते गहू आणि तांदूळ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य किलोला १ रुपया, गहू २ आणि तांदूळ ३ रुपये असे भाव ठरले, २०२३ पासून धान्य मोफत झाले. पोत्यात मात्र प्रामुख्याने गहू-तांदूळच असतात. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. शहरातल्या डॉक्टरांनी मधुमेहींना भाकरी खायला सांगितली. परिणाम असा की बाजारात चांगली मालदांडी गव्हाहून महाग, आणि गरिबाच्या घरी दोन्ही वेळ भात.

भावाइतकाच प्रश्न वेळेचा आहे. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. घर चालवायचे ओझे विडी वळणाऱ्या बायांवर आले. हजार विड्या वळायला दिवस जातो आणि मजुरी विडीवर मोजली जाते, तासावर नाही. १० माणसांच्या भाकरी थापायला लागणारा दीड तास म्हणजे तितक्या विड्या कमी. तांदूळ निवडून कुकरला लावला की ती पुन्हा सुपापुढे बसू शकते. तिने भात का निवडला, याचे उत्तर तिच्या अज्ञानात शोधणाऱ्या आरोग्य-व्याख्यात्यांनी एकदा तिच्या शेजारी बसून पाहावे. २००६ साली कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची १० हजार घरांची वसाहत उभी राहिली. या स्त्रियांनी संघटनेच्या बळावर हक्काचे छप्पर मिळवले, ही सोलापूरच्या कामगार चळवळीतली मोठी घटना आहे.

कडक भाकरीचा उगमही, आमच्या समजुतीप्रमाणे, याच वेळ आणि सरपणाच्या हिशेबात असावा. एकदा चूल पेटवायची, पापडासारख्या पातळ भाकरी भाजून वाळवायच्या, आणि मग कित्येक दिवस चूल न पेटवता डाळीच्या पाण्यात चुरून खायच्या. आता अनेक बाया त्या विकण्यासाठी करतात. पूर्वी घरात फुकट धरले गेलेले तेच काम बाजारात डझनाच्या भावाने मोजले जाते. १९२५ च्या पाहणीत नसलेला रकाना त्यांनी आपल्या वहीत स्वतःच आखून घेतला आहे : पीठ इतके, सरपण इतके, पाकीट इतके, आणि हाताची मजुरी इतकी.