गारेचं कूळ

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठतं आणि त्याचीही वर्तमानपत्रात बातमी होते, इतकं आपलं हिमाशी नातं. एरवी या मुलखाला निसर्गाने बर्फ दाखवला तो वरून फेकून मारूनच, पत्र्यावर ताडताड वाजणाऱ्या गारांच्या रूपात. त्यामुळेच की काय, मराठीत आभाळातून पडते ती गार आणि जमिनीत सापडणारा पांढरा, टणक दगड तीही गारच.

हा दगड म्हणजे आपली गारगोटी. दख्खनच्या काळ्या खडकातल्या पोकळ्यांत ती तयार होते. खडक झिजला की नांगराच्या फाळाला लागते. काडेपेटी येण्याआधी विस्तवाची सोय चकमकीने व्हायची, ती या गारेच्याच जिवावर. गार स्वतः पेटत नाही. तिची धार पोलादाचा बारीक कण खरवडून काढते, तो तापून हवेत जळतो आणि खाली धरलेल्या कापसावर पडतो. बर्फाला आणि दगडाला एकच नाव, असं ग्रीकांचंही झालं होतं: त्यांचा ‘क्रिस्टालॉस’ आधी बर्फ, मग स्फटिक. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी तर स्फटिक म्हणजे घट्ट गोठलेला बर्फच, असं लिहून बसला. आपल्याकडे सिद्धांत कुणी मांडला नाही, नाव तेवढं एक ठेवलं.

आभाळातली गार कापून पाहिली तर आत कांद्यासारखे थर दिसतात, एक दुधी, एक पारदर्शक. शून्याखालीही न गोठलेले ढगातले थेंब तिच्यावर चढत जातात आणि वर जाणारा वारा तिला पेलेनासा झाला की ती खाली येते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रातली रब्बी झोडपली, द्राक्षबागा आडव्या केल्या.

विशेषण झाल्यावर मात्र हाच शब्द मवाळ होतो. गार पाणी, गार वारा, गार सावली. लिंग-वचन काहीही असो, रूप बदलत नाही. गारवा हवासा, गारठा नकोसा. डोकं थंड ठेवतात, गार ठेवत नाहीत. पण एका ठोशात माणूस गार होतो आणि वाट पाहून डोळ्यांच्या गारा होतात. सायकलला पेटी बांधून गावोगाव फिरणाऱ्या विक्रेत्याने ‘गारेगाऽर’ अशी हाळी दिली आणि काडीवरच्या रंगीत बर्फाचं नावच गारेगार पडलं.

पुढे तर थंडीचाही संबंध सुटला. दटावलं की पोरं गपगार बसतात. रंगांत पिवळ्याला धमक, काळ्याला कुट्ट, निळ्याला शार जोडलं जातं. गार मिळाला तो एकट्या हिरव्याला. माझ्या मते हे रानाचं देणं असावं, कारण अंगाला गारवा लागतो असा रंग तेवढा एकच.