मिलेनियल पिढी, अमेरिकेतील

साधारणपणे १९८१ ते १९९६ या काळात जन्मलेली पिढी. विल्यम स्ट्रॉस व नील हाऊ यांच्या ‘जनरेशन्स’ (१९९१) या ग्रंथामुळे हे नाव पुढे आले. बेबी बूमर (जन्म १९४६–६४) पिढीची मृत्यूंमुळे होत गेलेली घट आणि तरुण स्थलांतरितांची भर यांमुळे २०१९ मध्ये सुमारे ७.२ कोटी संख्येसह ही देशातील सर्वांत मोठी प्रौढ पिढी ठरली.

२००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तिशीच्या आतील सुमारे दोन-तृतीयांश मतदारांनी बराक ओबामा यांना कौल दिला. त्याच सुमारास आलेल्या मंदीत अनेकांना पदवी हाती येताच बेकारीला तोंड द्यावे लागले. शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यांपायी लग्न, घरखरेदी लांबणीवर पडली. २०१० च्या आरोग्यविमा कायद्याने सव्विसाव्या वर्षापर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहण्याची मुभा दिली, ती या तरुणांना मोठा आधार ठरली.

१९८४ मध्ये जन्मलेल्या मार्क झुकरबर्ग यांनी २००४ मध्ये हार्वर्डच्या वसतिगृहातून सुरू केलेल्या फेसबुकने जगभरच्या संवादाची रीत पालटली. समलिंगी विवाहाला लाभलेल्या वाढत्या पाठिंब्यातही या पिढीचा वाटा मोठा आहे. आर्थिक ओढाताण सोसूनही तिने समाज अधिक समावेशक केला, हे तिचे महत्त्वाचे योगदान होय.